आकडा

एकतीस वर्षं मी मीटर वाचले.
फेकरी, निंभोरा, कंडारी, साकेगाव.
सायकलला बॅटरी, खिशात कॉपिंग पेन्सिल,
आणि अंगावर दीपनगरची राख.
ती वाळत घातलेल्या पापडांवर बसायची,
झटकलेल्या चादरीत पुन्हा सापडायची,
फक्त बिलात कधी आली नाही.

मीटरमध्ये एक चकती असायची, काठावर काळी खूण.
गरिबाघरी ती तापातल्या पोरासारखी,
जरा हलते, परत निजते.
डिगंबरशेठच्या जिनात मात्र
सरकीचा धुरळा छतापर्यंत, मोटरा धडधडताहेत,
आणि चकती जागच्या जागी.
चुंबक मी पाहिलं.
शेठनं चहा सांगितला. बशीत ओतून प्यालो.
कार्डावर शेरा लिहिला:
मीटर नादुरुस्त, सरासरी आकारणी.
त्या जूनमध्ये हेमांगीची कॉलेजची फी
कुणीतरी परस्पर भरली होती.
मी पावती घेतली, नाव विचारलं नाही.

त्याच आठवड्यात कंडारीच्या टोकाला
सुमनबाई तायडेच्या झोपडीवरचा आकडा काढला.
बांबू, वायर, वाकवलेली सळई.
आत एक बल्ब, एक पंखा, बाळंतीण सून.
पंचनाम्यावर अंगठा उठवून सुमनबाई म्हणाली,
"आमचा आकडा तारावर रायतो ना भाऊ,
म्हनून दिसतो तुमाले."
मी अंगठ्याखाली तारीख घातली.

निवडणुकीच्या महिन्यात लोडशेडिंग नसायचं.
वरून फोन यायचा, कुठून ते विचारायचं नाही.
मोजणीच्या रात्री गुलाल उडाला,
आणि मिरवणूक चौकात असतानाच फीडर पडला.
बायका अंधारात ओट्यावर बसल्या, पदराने वारा घेत.
समोर दोन कोसांवर चिमण्यांचे लाल दिवे
रात्रभर मिचमिचत होते.
वीज इथूनच निघते, म्हणायचे लोक,
आणि निघूनच जाते.

आता हेमांगी टेक्सासात.
यंदा तिकडे बर्फ पडला, नळ फुटले,
चार दिवस तिच्या गल्लीत काळोख.
गाडीत हीटर लावून निजवली पोरं.
खिडकीतून शहरातले मनोरे दिसत होते,
म्हणाली, रिकामे, आणि सगळे मजले पेटलेले.
मग वीज आली. मग बिल आलं.
बिल पाहून तिनं मला व्हिडिओ लावला.

मीटरसमोर मोबाईल धरला तिनं.
काच, आत नुसते करडे अंक.
"चकती कुठेय ग?"
"चकती नाही अण्णा. अठी भावच फिरतो,
दर पाव घंट्याले."
"मालक कोण?"
"नाव आहे. माणूस नाही."
"आणि तुमचा आमदार, जो काय असेल तो?"
"त्याच्या प्रचाराले त्याच कंपनीचा पैसा."
मी म्हटलं, म्हणजे चहा.
ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.
"चहाच. पण अठी चहाची पावती भेटते अण्णा,
सगळं कायद्यात बसतं."

मग विचारलं तिनं,
"तुमच्या टायमाले असं होतं का हो?"

पडद्याच्या कोपऱ्यात माझा चेहरा, तिकिटाएवढा.
त्याच्यामागे गच्चीची भिंत, भिंतीवर
आज सकाळीच पुसलेली राख.
म्हटलं, नेटवर्क तुटतंय,
तू आकडा वाच, डावीकडून.
ती एकेक अंक सांगत गेली, थंडीनं आवाज कापरा,
शाळेत पाढे म्हणायची तशी शेवटी थोडी घाईत.
मी कपाटातलं जुनं कोरं कार्ड काढलं होतं.
सवयच. नाव लिहिलं, तारीख, रीडिंग.
शेऱ्याच्या रकान्यापाशी आलो
आणि पेन्सिलचं टोक ओलं करायला
जिभेला लावलं.

जांभळं, कडसर.
चव तीच होती.