पडतं घ्यायची जागा

सान फेलिपेत भरती-ओहोटी मोठी.
संध्याकाळी पाणी मैलभर आत जातं
आणि कोळंबीच्या होड्या चिखलात कलंडून बसतात.
त्या वेळी निकानोरा जॅकवरच्या ट्रकखाली उताणी,
तोंडात टॉर्च धरून.
ती काय बोलते ते मला अर्धंच कळतं.

वरची स्प्रिंग मऊ :
इंचभर दाबायला अडीचशे पौंड.
खालचीला चारशे.
एकीवर एक ठेवल्या तर किती?
कामाच्या पहिल्या दिवशी तिनं विचारलं,
मी म्हणालो, साडेसहाशे.
ती हसली नाही. म्हणाली, दाबून बघ.

दीडशे भरल्या.
एकटी मऊ होती तिच्याहूनही मऊ.
वजन आलं की दोघी पडतं घेतात.

त्यांच्या मधे एक प्लास्टिकची चकती,
चकतीच्या वर, शॉकच्या आट्यांवर, ॲल्युमिनियमची रिंग.
चाक उसळतं, चकती वर सरकते,
रिंगला टेकते. टक्.
तिथून पुढं फक्त चारशेची.

भांडण त्या टक्‌चं होतं.

लिओबार्दो म्हणतो, चार आटे वर घे, ताई.
गेल्या वर्षी वाळूच्या त्या उंचवट्यांवर
चाळिसाव्या मैलापासून
माझे मणके मी एकेक करून मोजलेत.
शर्ट उचलून पट्टा दाखवतो.
ती म्हणते, उंचवटे दोनशे असतात
आणि दोनशे एकावा खड्डा.
गेल्या वर्षी ॲक्सल कुणाचा वाकला?
मणक्यांचं बिल कुणी भरलं?
ॲक्सलचं कुणी?

तो दार आपटून गेला.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग हुकाचा पाना मागितला
आणि दोन्ही बाजूंच्या रिंगा वर घेतल्या,
दोन आटे. मी मोजले.
त्याला सांगू नकोस, म्हणाली.

मी मागच्या सीटवर झोपतो.
पहाटे तीनला पाना वाजला.
लिओबार्दो, अनवाणी, कमरेला पट्टा,
वाकता येत नाही म्हणून गुडघ्यांवर,
डाव्या चाकाशी.
किती वर होती ते त्यानं पाहिलंच नसावं.
एक आटा खाली आणली,
पुटपुटला, घे, तुझंच खरं,
आणि गेला.
उजवं चाक भिंतीला लागून होतं,
तिथं त्याला शिरता आलं नाही.

म्हणजे आता ट्रक एका बाजूनं आधी कडक होणार,
दुसऱ्या बाजूनं नंतर,
आणि हे तिघांत फक्त मला ठाऊक.

मी उठलो. भिंतीत पाठ घासत आत शिरलो.
उजवीही एक आटा खाली.
लॉक-रिंग कसली, पाना जागेवर ठेवला.

बाहेर पाणी परत यायला लागलं होतं,
होड्या एकेक करून सरळ होत होत्या.
सहाला निकानोरा आली,
टॉर्च मारून दोन्हीकडे पाहिलं,
मग माझ्या शर्टाच्या पाठीवरचा चुना पाहिला
आणि म्हणाली, कॉफी टाक. तिघांची.