आबांचा नऊ

सहकारनगरहून साडेपाचला निघालो.
सहा माणसं, धपाट्यांचे दोन डबे,
आणि सुमेधची दुर्बीण,
जिचा एक डोळा जिन्यावरून पडल्यापासून आंधळा.

पाटसच्या टोलला आबांनी खिशातली डायरी काढली.
टोल, पंचाण्णव.
मीरल मागून डोकावली :
"आबा, तुमचा नऊ असा काय? सहाच वाटतो."
तो तसाच आहे. पोट मोठं, शेपूट आखडलेलं.
दुधाच्या हिशेबात, गॅसच्या पुस्तकावर,
माझ्या लग्नाच्या आहेराच्या यादीत.
घरात सगळ्यांना वाचता येतो.

भिगवणच्या पुढं ऊस संपला
आणि एकदम पाणी, उजनीचं,
इतकं सपाट की गाडीतलं बोलणंच थांबलं.

शिवदास मल्लावची होडी निळी.
जाकिटांना माशांचा वास.
"मी नाही बाई घालणार," वहिनी म्हणाल्या
आणि होडी हलली तशी
सगळ्यांच्या आधी त्यांनीच बंद आवळले.

इंजिनाच्या आवाजावरून शिवदास ओरडून सांगत होता :
दिवाळीला नुसता कळस दिसतो,
होळीला खांब उघडे पडतात,
आता हे एवढं बेट.
पाणी अजून उतरलं की बेटही राहत नाही,
शेरडं चालत जातात.
आबा पाण्यात हात घालून बसले होते.
"नोकरीत असताना आलो होतो एकदा,"
यापलीकडं काही बोलले नाहीत.
पाटबंधारे खात्यातली त्यांची पहिली दोन वर्षं
आमच्याकडं एवढ्याच वाक्यात आहेत.

देवळाच्या भिंतींवर वाळलेल्या चिखलाच्या रेघा,
एकीवर एक, भाकरीच्या पापुद्र्यासारख्या.
वीरगळाच्या घोड्याला पाय होते, तोंड नव्हतं.
देवाच्या कोनाड्यात शिंपले.
सुमेधनं दोन खिशात टाकले,
मग एक परत ठेवला.

पायरीवर डबे उघडले.
शिवदासला धपाटं दिलं, वर ठेचा.
खाता खाता त्यानं बोटानं पाणी दाखवलं :
"त्या तिथं आमचं घर. म्हणजे आज्याचं.
मोजणीवाले आले, दारांवर डांबरानं आकडे टाकले.
आमचा एकशे नऊ.
पण लिहिणाऱ्यानं नऊ असा काढला
की कचेरीत एकशे सहा वाचला.
एकशे सहा होता पडका गोठा.
गोठ्याचे पैसे घ्या म्हणाले.
आज्यानं चार वर्षं इंदापूरच्या पायऱ्या झिजवल्या.
शेवटी घराची चौकट उपसली,
बैलगाडीत घालून सायबापुढं उभी केली,
म्हटला, वाचा."
तो हसला. आम्हीही हसलो.
"मिळाले का पैसे?" भाऊजींनी विचारलं.
"मिळाले की. आज्या गेला त्या साली."

मीरल आबांकडं बघत होती.
मी तिच्याकडं बघितलं,
तेव्हा तिनं मान खाली घातली
आणि धपाट्याचा काठ कुरतडत राहिली.

"चौकट आहे अजून?"
आबांनी विचारलं, फार वेळानं.
"आहे ना. नव्या घराला तीच लावली.
रंग देताना आकडा तेवढा सोडतो.
या कधी बघायला."
आबा उठले. पाण्याच्या कडेपर्यंत गेले.
तिथून पुढं जायला काही नव्हतंच.

परतताना वारा समोरून.
आंधळ्या दुर्बिणीतून सुमेधला रोहित दिसले,
आम्हाला नुसती गुलाबी रेघ.

काठावर भाऊजींनी पैसे दिले.
आबांनी वेगळे काढून आणखी काही दिले,
शिवदास नको म्हणाला, मग घेतले.
"तुझा नंबर सांग," आबांनी डायरी उघडली.
"लिवा. नऊ, आठ, दोन, दोन..."
पेन कागदावर टेकलं. तिथंच राहिलं.
शिवदासला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही.
"नऊ," तो मोठ्यानं म्हणाला.

मी वाकून पाहिलं.
आबा अक्षरात लिहीत होते :
न,
मग ऊ.