कच्ची पावती

बुधवारी बिल मीच फाडलं होतं :
दाजीबा मुटकुळे, मु. पो. बोरी, ता. जिंतूर,
अडीचशे मिली, वांग्यावर.
बाटलीवरचा त्रिकोण पिवळा,
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत
फवारणीनंतर सात दिवस तोडणी करू नये.
वाचून दाखवतो मी, कधी कधी.
दाजीबा हसला. म्हणाला,
सात दिवसांत वांगं म्हातारं होतंय, मालक,
आन् बाजार शनिवारी असतोय.

शनिवारी त्याची पदमीनबाई
निळ्या ताडपत्रीवर ढीग रचून बसलेली.
काय तुकतुकी त्या वांग्यांना,
वऱ्हाडात निघाल्यासारखी,
एकालाही भोक नाही.
मी बोटं मोजली. गुरुवार, शुक्रवार, आज.

ढिगातलं एक उचललं तशी
तिनं मनगटावर हलकीच चापट मारली.
"ते नका घेऊ वो तुमी. थांबा."
पाठीमागच्या गोणपाटाखालून
कापडी पिशवी काढली, अर्धी भरलेली,
वाकडी, काटेरी, डागाळलेली वांगी.
"बांधाकडच्या दोन वळीतले हायेत. घरी खायाचे.
तिकडं पंप नेत न्हाईत हे."

तेवढ्यात खतीब मॅडम आल्या,
एकेक वांगं उजेडात धरून बघणाऱ्या.
दीड किलो निवडली, बिनडागी.
ताजी आहेत ना हो? मलाच विचारलं.
ताजी आहेत, म्हणालो.
खोटं नव्हतं ते.

गोणपाट माझ्याही काउंटरखाली आहे.
त्याखाली बिननावाची पाकिटं :
तणनाशक ओतलं तरी न मरणारी कपाशी.
तिचं बिल होत नाही.
कापूस जिनिंगला जातो, सरकी तेलाला,
पेंड दाजीबाच्या म्हशीला,
आणि म्हशीचं दूध, डेअरीवरून फिरत फिरत,
दुपारी चारला माझ्याच दुकानात, कपातून.
त्यात काय उतरतं, काय नाही,
कंपनीचा माणूस छातीठोक सांगतो,
पेपरवाला तितक्याच छातीठोक उलटं.
मी लेबल वाचायला शिकलो.
चहाला लेबल नसतं.

घरी बायकोनं पिशवी उपडी केली.
"अख्खा बाजार हिंडून ही किडकी?"
विळीवर पहिलंच चिरलं
आणि आतून अळी, गुलाबी,
उजेड लागताच वळवळली.
बघ, म्हणालो, जिवंत आहे.
"मग?"

मग सांगितलं सगळं.
सगळं नाही. खतीब मॅडमचं ठेवलं.

तिनं अळीपुरता तुकडा कापून
खिडकीबाहेर टाकला,
उरलेलं मिठाच्या पाण्यात.
बराच वेळ पाठमोरीच होती.
"म्हणजे आजवर आपण
ढिगातली खात होतो?"

तेल तापलं होतं.
सरकीचं.