निशाणी सतरा

नोटीस इंग्रजीत, बावीस पानी.
लेथच्या आवाजावर आवाज चढवून मी ती वाचून दाखवली.
अंबादास इरबत्ती हात पुसत राहिले
ऑइलनं भिजलेल्याच चिंधीला.

अक्कलकोट रोड एमआयडीसी, मागच्या रांगेतला गाळा.
इथं आम्ही ट्रोकार बनवतो:
दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात पहिलं भोक पाडतं ते टोक.
तीन पैलूंचं. आरपार गेलं रे गेलं
की स्प्रिंगनं पुढं सरकतं कवच,
आतड्याला लागू नये म्हणून.
ते कवच म्हणे त्यांचं.
दावा क्रमांक एक, आकृती चार,
आणि 'साधारणतः' हा एक शब्द
ज्याच्यावर दोन वकील दुपारभर भांडले.

आकृत्या मी काढते. माझं काम तेवढंच.

इरबत्ती लेथवरच्या पोराला म्हणाले,
ह्यात नवीन काय आहे बे?
आमच्या नायनाकडं होता की असला टोचा,
जॅकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचा.
बोट वाचावं म्हणून त्यानंच बसवली टॉर्चमधली स्प्रिंग.
तिसऱ्या पाळीला झोप यायची ना.

टोचा कुठाय?
गिरणी बंद पडली त्या साली किलोवर गेला.

मग साखर पेठेतल्या माळ्यावरून आम्ही उतरवले
दोऱ्यात ओवलेले पुठ्ठे,
मोराच्या चादरीचे, चारशे बारा,
झुरळांच्या अंड्यांसकट.
कोर्टात दाखल: निशाणी सतरा.

त्यांचे वकील सभ्य होते.
एक पुठ्ठा उजेडाला धरून
भोकातून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं,
हे पाडणाऱ्या टोकाला कवच होतं
हे भोकावरून कसं सांगणार, मॅडम?

नायनाची दहाही बोटं शेवटपर्यंत शाबूत होती.
जे लागलंच नाही
त्याचा दाखला कुठल्या सिव्हिल सर्जनकडून आणायचा?

माझ्याही पोटावर आहेत तीन व्रण, पित्ताशयाचे.
टोक आमचं होतं का त्यांचं
हे टेबलावर झोपताना कुणी विचारलं नाही.
एक तर आता बोटानं शोधावा लागतो.

तारखेच्या आदल्या दिवशी इरबत्तींनी
विरलेली चादर टाकली माझ्या ड्रॉइंग बोर्डवर.
बघा.
मोराचा डोळा एक घर सरकून
चोचीत जाऊन बसलेला.
पुठ्ठा दोनशे सहा, मी ताडून पाहिला, तिथंच.

"डुलकी लागली असणार," ते म्हणाले
आणि लेथ चालू केली.