हात लागल्याची तारीख

मे महिना, सेहेचाळीस डिग्री,
आणि मी परसोडीच्या आयटी पार्कात बसून
थंडीचे नियम लिहिते.

तीस दिवस फाइल कुणी उघडली नाही तर कोमटात.
नव्वद दिवस, तर गारात.
वर्षभर कुणी विचारलंच नाही तर थेट तळघरात,
तिथलं भाडं नावापुरतं,
फक्त परत मागितली की बारा तास थांबायचं.
रात्री दोनला नियम आपला आपण चालतो.
कुणाला विचारत नाही. मलाही नाही.

हे कॉलेजात शिकले नाही मी.
बाबा कळमन्याच्या शीतगृहात होते,
भिवापुरी मिरचीच्या पोत्यांवर.
भर उन्हाळ्यात स्वेटर घालून कामावर निघायचे,
गल्लीतली पोट्टी हसायची.
लवकर उठणारं पोतं दाराशी,
भाव चढायची वाट बघणारं मधल्या माळ्यावर,
मालक विसरलेलं पार मागे, जिथे बल्बही नव्हता.
प्रत्येकावर खडूनं तारीख,
शेवटचा हात कधी लागला त्याची.
बाबा घरी आले की आम्ही सगळे शिंकायचो.

धंतोलीतल्या हृदयरोग केंद्राचं महिन्याचं बिल
पावणेतीन लाखांवरून एक्केचाळीस हजारांवर आणलं मी.
ठवकर साहेबांनी सगळ्यांना तर्री-पोहे मागवले.
बारा वर्षांचे इको, त्यातले सत्तर टक्के तळघरात.
सत्तर टक्के काळजं, म्हणजे
काळजांची हलती चित्रं,
ज्यांच्याकडे कुणी पुन्हा वळून पाहिलं नव्हतं.
माणसं बरी झाली असतील. किंवा नसतील.
नियमाला दोन्ही सारखंच.

गुरुवारी संध्याकाळी डॉक्टर नंदनवारांचा फोन.
रेवती धोटे, वय अकरा.
जन्मल्यावर तिसऱ्या दिवशीचा इको पाहिजे, आत्ता.
"सकाळी साडेसहापर्यंत येईल, सर."
"अहो, ढगातच आहे ना?"
"ढगातही मागची खोली असते."
पलीकडून नुसता कूलरचा आवाज.

घाईचा पर्याय करारात होता.
तो मीच खोडला होता. बचत.

रात्री बाबांना विचारलं,
मागचं पोतं कुणी अचानक मागितलं तर काय करायचे?
"काय कराचं? हमाल लावाचे, पुढचं सारं उतरवाचं, मंग ते.
मालक भाएर उभा राहून शिव्या द्याचा.
दिवस जाये."
मग पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला.
"पण अंदरचा माल सडे नाई, पोरी.
सडे तो दाराजवळचा."

सहा वाजून तेवीस मिनिटांनी फाइल वर आली.
तीन दिवसांचं काळीज, सुपारीएवढं,
करड्या पडद्यावर घाईघाईनं उघडझाप करणारं,
अकरा वर्षं काळोखात राहून
एक ठोकाही न चुकलेलं.
डॉक्टरांनी छिद्र मोजलं, कालच्याशी ताडलं.
"तेवढंच आहे. वाढलं नाही.
मग घाई नको करायला," म्हणाले,
मला नाही, मागे उभ्या असलेल्या कुणाला तरी.

आता ती फाइल सात दिवस दाराशी.
मग परत आत.
नियम मी बदलला नाही.
फक्त वरती एक ओळ लिहिली,
यंत्र जी वाचत नाही, ओलांडून जातं:
आतला माल सडत नाही.

महिन्याच्या बिलात त्या रात्रीचे
एकोणीस पैसे वेगळे दाखवले होते.
ठवकर साहेबांनी पेन टेकवून विचारलं, हे कशाचे?
मी म्हटलं, हमाली.