मंगळवार, अकरा वीस

पेनिशच्या धक्क्याला सार्डिनच्या होड्या लागतात
तेव्हा मी दवाखान्याचं शटर वर करते.
बावीस वर्षं हेच.
आधी वारा आत येतो, मग मी,
मग डॉक्टर अबिलिओ, मास्क लावूनच,
जणू रात्रीही तो काढत नसावेत.

जानेवारीत बँकेचं पत्र आलं.
त्यांनी ते एक्स-रेच्या काचेवर धरून वाचलं,
जिथं एरवी दुसऱ्यांच्या मुळांतली कीड दिसते
त्या उजेडात.
"दियोलिंदा, दात कोरून पोट भरत नाही,"
असं म्हणाले असावेत.
मास्कमधून धड ऐकू येत नाही.

हिशेब मांडला.
सुया, हातमोजे, भूल, विजेचं बिल,
आणि ज्याला नाव नव्हतं असा एक रकाना:
मंगळवार अकरा वीस, कोणी नाही.
गुरुवार चार, कोणी नाही.
रिकामी खुर्ची काही खात नाही म्हणतात.
खाते. तासाला सत्तर युरो,
वर दिवाही तिच्याच तोंडावर लावलेला.

डॉक्टर म्हणत, लोक ड्रिलला भितात.
काउंटरमागे बसणारीला वेगळंच दिसतं.
आत जाताना भितात त्याहून जास्त
बाहेर येऊन पाकीट उघडताना भितात.
आणि आत तर
माणसाचं तोंड सताड उघडं,
नेमकं तेव्हाच त्याला बोलता येत नाही.
"कळलं ना?" डॉक्टर विचारतात.
"आँ," तो म्हणतो.
आम्ही त्याचा अर्थ होकार लावत आलो.

मग मी जुनी वही काढली, फोन पुढ्यात ओढला.
तुमची तारीख चुकली, असं नाही म्हटलं.
विचारलं, "हल्ली कुठल्या बाजूनं चावता?"

लुदोविना लेस विणते.
तिचं रूट कॅनाल ऑक्टोबरपासून अर्धवट.
बराच वेळ फक्त लाकडी रिळांची टकटक ऐकू आली.
मग म्हणाली, "इतक्या उशिरा आले तर रागवाल."
राग! इकडे आम्ही दाताच्या कण्या करायला तयार,
आणि ती चार महिने आमचा राग सांभाळत बसलेली,
जो आम्हाला आलाच नव्हता.
"आणि पैसे किती, ते कुणी बोललंच नाही."
बोलले. एकशे ऐंशी, तीन हप्त्यांत.
टकटक थांबली.
"एवढेच?"
तिनं मनात पाचशे धरले होते.

डॉक्टरांना सांगितलं, खुर्ची आडवी करायच्या आधी
मास्क उतरवा. आरसा त्यांच्या हातात द्या.
आकडा सांगा, आणि मग थांबा.
थांबणं त्यांना जमेना.
पहिल्याच दिवशी कॅनरीतल्या एका पोराला
दाढेचं लॅटिन नाव सांगून बसले,
आणि स्वतःच हसले.
तेव्हा दिसलं मला,
त्यांचा पुढचा एक दात टवका उडालेला आहे.

मार्चअखेर तीनशे दहा युरो उरले.
फार नव्हे.
पण "उरले" हा शब्द त्या वहीत
पुष्कळ दिवसांनी लिहिला.

एर्मेनेजिल्दो, जाळी दुरुस्त करणारे.
खालची डावी दाढ, तात्पुरतं सिमेंट.
फोन मुलीनं उचलला.
फेब्रुवारीत गेले, म्हणाली.
मागे कुठंतरी रेडिओवर हवामान चाललं होतं.
माझ्या वहीत तीनच रकाने:
येणार, नाही, पुन्हा फोन करणे.
पेन हवेतच.
सहा आठवडे टिकेल म्हणून दिलेलं ते सिमेंट
अजून टिकून असेल, असं उगाच मनात आलं.
"त्यांचं काही देणं राहिलंय का?"
अठरा युरो. समोरच, माझ्याच अक्षरात.
"नाही," म्हटलं मी.

डॉक्टर दारात उभे होते, मास्क गळ्यात लोंबत.
अठराचं काही विचारलं नाही.
खुर्ची ओढून बसले,
पुढचा नंबर मागितला.
मी वाचून दाखवला, एकेक आकडा, सावकाश.