पातळ करून बघ

बळ्ळारी नाल्याचं पाणी सकाळी साडेसहाला भरून आणलं.
सात बाटल्या, प्रत्येकीवर पट्टी:
येळ्ळूर रोडचा पूल,
शहापूरच्या रंगाऱ्यांची मोरी,
वडगावात बासमतीच्या वाफ्याकडं पाणी वळतं ती जागा.
सातवीवर नुसतं 'उद्यमबाग, मागचं गटार'.
कुणाच्या कारखान्यामागचं, ते लिहिलं नाही.

हिरेमठ मॅडमनी जिवाणू वाढवलेत.
आतड्यातलाच साधा जीव,
त्याच्या पोटात जेलीफिशचं एक वाक्य शिवलंय:
क्रोमियम लागलं की हिरवा हो.
बाकी त्याला काही येत नाही.
पट्टीवर वर माझं मराठी, खाली मॅडमचं कन्नड,
त्याला दोन्हीचं सोयरसुतक नाही.
अक्षर म्हणाल तर दोघींचंही घाण.

सदतीस अंशांवर चार तास.
मग खोलीतली ट्यूब बंद, जांभळा दिवा चालू.
पुलाखालचं पाणी फिकट.
मोरीचं पोपटी.
वाफ्याची बाटली उजळली तशी मी मान वळवली,
त्याच शिवारातला भात काल रात्री जेवले होते.
सातवी काळी.
ठार काळी.

खरं सांगते, मला हसू आलं.
आप्पा तिथं एकोणीस वर्षं
नळाच्या तोट्यांना चकाकी चढवतात.
पेरांवर बारीक भोकं पडलीत, त्यांत मीठ गेलं की कळतं.
माझी फी त्या तोट्यांतूनच गळत आली.
वहीत टपोरा शून्य काढला,
मनात म्हटलं, बघा, आमचं गटार स्वच्छ.

मॅडमनी बाटली उजेडात फिरवली.
"शंभरपट पातळ करून बघ."
का, ते विचारायला मी धजले नाही.

एक थेंब गटाराचा, नव्याण्णव साध्या पाण्याचे.
पुन्हा चार तास. मधे कँटीनचा चहा, निवलेला.
जांभळ्या दिव्याखाली
सातवी अशी पेटली
की धरलेल्या बोटांची नखंसुद्धा हिरवी दिसली.

म्हणजे मघाशी ते गप्प नव्हते.
तोंड उघडायच्या आतच मेले होते.

शून्य खोडला. खोडलेला दिसतोच.
सातही बाटल्यांतले जिवाणू ऑटोक्लेव्हमध्ये घातले,
एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं.
खरं बोललेल्यांचं आमच्याकडं असंच करतात, नियम आहे.

रात्री आप्पा म्हणाले,
"दिवसभर काय करूलालीस त्या लॅबात?"
मी उलट विचारलं, नाक दुखतं का तुमचं?
"छे. काय बी न्हाई."
काळं. ठार काळं.

कुकरचं झाकण काढलं,
बासमतीची वाफ अख्ख्या खोलीभर झाली,
शेजारची पोरगी दारातनं डोकावून गेली.
मी प्रश्न पातळ केला.
म्हटलं, आप्पा, वास कसा सुटलाय बघा.

त्यांनी ताट पुढं ओढलं,
जरा इकडंतिकडं पाहिलं.
"कसला?"